सहा मिनिटं

उद्यमनगरातल्या गाळ्याच्या माळ्यावर माझं टेबल,
खाली आबांचा लेथ.
खालून तापल्या लोखंडाचा वास वर येतो,
वरून माझ्या मशीनची घरघर खाली जाते.
मधे एक फळी, दोन बोटं जाड.

साच्यात रस कसा भरेल, पोकळी कुठं राहील
हे सांगायला माझं मशीन चाळीस मिनिटं घ्यायचं.
तोवर पार्टी समोर बसून घड्याळ बघायची.
"आबा, मी जरा वेग वाढवून बघतो."
"वाढीव की. पण कान उघडे ठेव."

राजारामपुरीत शिकलगारांच्या मुनीरनं
जुना फॅन काढून मोठा बसवला,
पेस्ट लावली तुरीच्या डाळीएवढी,
"जास्त थापायची नाही, हे लिंपण न्हवं."
आणि बिलाच्या पाठीमागं लिहून दिलं:
एका वेळी एकच आकडा बदल.
बदललास तो लिहून ठेव.
ऐंशीच्या वर गेलं की हात काढ.
पैसे फक्त फॅनचे घेतले.

रात्री बायोसमध्ये शिरले.
किरटी अक्षरं, माउस मनाला येईल तसा.
छत्तीसच्या जागी अडतीस. काही झालं नाही.
चाळीस. काही नाही.
इतकं सोपं असतं तर कंपनीनंच केलं नसतं का,
ही शंका चाळीसला यायला हवी होती.
आली त्रेचाळीसला,
तापमान एक्क्याण्णव, पडदा गोठलेला,
आणि फॅन असा ओरडत होता
की खालून आबांनी लेथ थांबवला.

व्होल्टेज अजून थोडं द्यावं, असं मनात येतंच.
आमटीतलं मीठ काढता येत नाही,
व्होल्टेज काढता येतं;
पण होतं तेवढा वेळ चिप झिजलेली असते,
आणि ते कुठंच लिहून येत नाही.

"मुनीरची चव्वेचाळीसला पळते," मी म्हटलं.
आबा जिन्यातूनच म्हणाले,
"एकाच दिवशी, एकाच भट्टीतनं वतलेल्या दोन कप्प्या घे.
एक टणक निघती, एकीत भोक.
बाहेरनं दोन्ही सारख्याच."

मेमरीची तऱ्हा वेगळी.
डब्यावर बत्तीसशे छापलेलं, पैसे बत्तीसशेचे मोजलेले,
आणि दोन वर्षं ती एकवीसशे तेहतीसनं चालत होती.
एक ओळ चालू करायची, बस.
आमच्या वर्गातली वैजयंता मगदूम अशीच,
नववीत बाईंनी नाव पुकारेपर्यंत.

मग मला हाव सुटली. छत्तीसशे.
मशीन उठेना.
दिवा लागायचा, विझायचा, लागायचा.
आबा वर आले, बॅटरी तोंडात धरली,
चिमट्यानं बोर्डावरचा रुपयाएवढा सेल उचकटला,
शर्टाला पुसला, तळहातावर ठेवून बसले.
"किती वेळ?"
"त्याला विसरायला लागंल तेवढा."

सेल बसवला, मशीन उठलं.
सगळे आकडे पहिल्यासारखे,
आणि तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची, एक जानेवारी.
मी दुरुस्त करायला गेले तर
आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा."
बघत राहिले.
मी काही विचारलं नाही.

सोमवारी उद्यमनगर बंद.
त्या शांततेत रात्रभर मेमरीची परीक्षा लावली,
चार फेऱ्या, चुका शून्य.
पोत्यांवर झोपले, दर तासाला उठून बघितलं,
जणू ताप मोजायचाय कुणाचा.
प्रोसेसर बेचाळीसला पास झाला होता.
मी एक्केचाळीसवर ठेवला.
वर पत्रा आहे, आणि पुढं मे महिना.

मंगळवारी ड्रॉइंग लावलं: चौतीस मिनिटं.
"सा मिनिटं वाचवाय चार रात्री घालवल्यास?"
असं म्हणून आबांनी हात पुसले,
पलीकडच्या टपरीवर दोन बोटं दाखवली.

चहा संपायला सात लागली.