तुटक रेषा

मुश्ताक परकार विचारतो, चालवणार कोण?
मेदिनी हात वर करते, शाळेतल्यासारखा.
मग तो तिच्याशीच बोलत राहतो,
सीसी, गिअर, रिव्हर्स, टायरची नक्षी,
आणि हातखंब्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी उभा, कुणी न विचारलेला,
मागची सीट.

लाल गाडी देखणी. लेकीचा जीव तिच्यावर.
"मागं बसतो की एक माणूस. सगळेच बसतात."

मी टेप मागितला.
एकतीस वर्षं भूमापन खात्यात काढलेला माणूस
'सगळेच' या शब्दावर सही करत नाही.
पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत
लाल भरली एकशे बारा सेंटिमीटर.
शेजारची शेवाळी रंगाची, बोजड,
म्हशीसारखी बसलेली, ती एकशे पंचेचाळीस.
मधले तेहतीस सेंटिमीटर म्हणजे मी.
लालवर माझं वजन आसाच्या मागं पडणार
आणि सड्याच्या चढावर ती बुजल्या बैलासारखी
पुढचे पाय उचलणार.

"काका, गाडी घेताय का सातबारा?"
मुश्ताक हसला. टेप मात्र त्यानंच गुंडाळला.

मला मधलं दिसतं अजून.
कडा गेल्या.
बांध कोरणारा भाऊबंद दरसाल
वीतभर आत सरकतो, आवाज न करता,
तसा हा काचबिंदू.
जन्मभर लोकांच्या हद्दी कायम केल्या,
माझी कायम करायला कुणाकडं अर्ज करू?

पण सडा पाठ आहे.
पाणंद कुठं फुटते, गडगा कुठं मोडलाय,
जांभा कुठं पायाखाली पोकळ वाजतो,
आणि कुठं गाडी थांबवून चालतच जायचं,
कारण पुढं कातळावर एक मासा कोरलेला आहे,
कुणी, केव्हा, ते कागदावर नाही.
मोजणीची साखळी मी त्याच्यावरून दोनदा ओढत नेलेली,
नुसता खडबडीत दगड समजून.
तो मासा मेदिनीला दाखवायचाय.
तिला चालवता येतं, मला वाट येते.
दोघांचं मिळून एक धड माणूस.

म्हणून माझे प्रश्न निराळे.
पाठीला टेकू आहे का?
पाय ठेवायला रुंद पत्रा, की सायलेन्सरवर पोटरी भाजायची?
धरायचं कुठं?
तिच्या खांद्यांना नाही धरणार,
वळणावर तिचे खांदे तिला लागतील.

आणि ओरडते किती?
लाल चालू केली. मी मागून म्हटलं, डावीकडे.
मेदिनी म्हणाली, काय?
मी पुन्हा म्हटलं. तिनं मान वळवली,
जी चालवताना वळवायची नसते.
शेवाळी चालू केली.
डावीकडे, म्हटलं,
जेवताना मीठ मागतो त्या आवाजात.
हँडल डावीकडे गेलं.

"काका, एक सांगून ठेवतो," मुश्ताक म्हणाला,
"हिला पासिंग नाय. रस्त्यावर काढायची नाय.
सड्यापर्यंत टेम्पोतून न्या."
न्यायची तर न्यायची.
नकाशात आम्ही पायवाट तुटक रेषेनं काढायचो.
रेघ, मोकळी जागा, रेघ.
मोकळ्या जागेतून माणूस जातो कसा
हे साहेबाला एकदा विचारलं होतं.
साहेब म्हणाला, शाई वाचते.

टोकनचे पैसे मोजायला मुश्ताक आत गेलाय.
मेदिनी अजून लालकडं बघतेय.
मला ते दिसत नाही,
ती माझ्या गेलेल्या कडेला उभी आहे,
पण चावी बोटात फिरवल्याचा आवाज
तिकडूनच येतोय, आणि चावी लालची आहे.

मग तो थांबतो.
"हीच," ती म्हणते. जरा उशिरानं.
"पण पहिल्या दिवशी मासा नाही हं, बाबा.
पहिल्या दिवशी नुसतं फिरायचं."