दुधाचा की कोरा

शुक्रवारचा बाजार उठत आला की
मी सेवेरीनच्या दुकानात शिरतो,
म्हापशाला, चणेवाल्याच्या पाठीमागे.
पूर्वी इथे शिवणयंत्राचे सुटे भाग मिळत,
अजून एका खणात बॉबिनी आहेत.
बाकी सगळे मासे.
मऊ, रबरी, पाकिटात चार-चार,
एकमेकांना चिकटून निजलेले.

"चोणकाला की तांबोशाला?" तो विचारतो,
जणू मी कुणाकडे पहिल्यांदाच जेवायला निघालोय
आणि हातात न्यायला काही हवंय.

चोणकाला. खोर्जुव्याच्या मानशीवर,
उद्या, ओहोटी लागल्यावर.

"पाणी कसं आहे?"
चहासारखं.
"दुधाचा की कोरा?"
इतक्या गांभीर्यानं मला
चहाबद्दल घरातही कुणी विचारलेलं नाही.
दुधाचा, म्हणतो मी,
आणि मोतिया, गुलाबी, चमकीवाले
मुकाट परत खोक्यात जातात.

उरतात तीन.
एक जांभळाच्या सालीसारखा.
एक पोपटी, काळ्या ठिपक्यांचा.
एक विटकरी, त्याला बडीशेपेचा वास.
वास माशासाठी आहे की गिऱ्हाइकासाठी,
हे सेवेरीननं मला आजवर सांगितलेलं नाही.

तो बादली पुढे ओढतो.
"रंग बघू नको. डोळे मीट, दोरा बोटावर घे.
गढूळात चोणक बघत बसत नाही रे,
कुशीवरच्या रेघेनं ऐकतो."

मिटले.
पहिला नुसताच ओढला जातो, झोपेतून उठवल्यासारखा.
दुसरा हुडहुडी भरल्यागत थरथरतो.
तिसरा टुक, टुक, टुक,
पोटात वळणाऱ्या बाळासारखा, असं म्हणणार होतो,
पण मला ते काय ठाऊक.
फेरीबोटीच्या इंजिनासारखा म्हणतो,
धक्का जवळ आला की जसं हळू होतं तसा.
एकतीस वर्षं ते मी तळपायांनी ऐकलंय.

हाच दे.

ऐंशी रुपये. शिशाचं डोकं वेगळं, दहा ग्रॅमचं.
सेवेरीन स्वतः मासे खात नाही,
अंगावर पुरळ उठतं त्याच्या.

*

मानस म्हणतात इथे बांधातल्या दाराला.
भरती ढकलते तेव्हा फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला आपोआप उघडतात.
घाटावरच्या माझ्या जावयाला वाटतं
मी मनाबद्दल काहीतरी खोल बोलतोय.
वाटू दे.

गळ पाठीतून सरळ काढायचा.
तिरका निघाला की रबर पाण्यात गरगरतं
दारुड्यासारखं, आणि चोणक हसतो.
मी चष्मा लावून, श्वास धरून काढला.

सातव्या फेकीला तो आला.
पाण्याखाली एक पितळी वळण,
विटकरी शेपटीमागे वीतभर अंतरावर.
त्यानं ऐकलं.
थोडा विचार केला.
गेला.

अकराव्या फेकीला कांदळाच्या मुळात अडकलं.
ऐंशी रुपयांसाठी मी मांडीभर चिखलात,
कोपरापर्यंत हात घालून चाचपतोय,
कालवांनी बोटं कापताहेत,
आणि हाताला मऊ लागलं.

वर काढलं तर भलताच.
हिरवा, कुणाचा तरी, कधीचा तरी.
गळाचा फक्त गंजाचा डाग राहिलेला,
शिसं पांढरं पडलेलं,
दोरा नाही.
शेपटी मात्र काल पाकिटातून काढल्यासारखी.

मुळाजवळ पाण्यात धरला, धुवायला म्हणून.
मानशीतून पाणी सुटलेलं होतं.
टुक.
टुक, टुक.

म्हणजे हा इथे
दर ओहोटीला, दिवसातून दोनदा,
पलीकडे कुणी उभं नसताना...
आणि याच्यासारखे या मुळांत आणखी किती,
त्यांतले माझेच किती.

माझा विटकरी सापडला नाही.
हिरवा हातात धरून मी तसाच उभा राहिलो,
पाणी सरेपर्यंत.
मग त्याला खिशात घातला
आणि पाय चिखलातून एकेक करून सोडवले.