अडकवलंस?

पौषातला रविवार. येळ्ळूरच्या गडावर जीप थांबली
तेव्हा शिवार दिसत नव्हतं,
नुसतं धुकं, आणि त्यात कुठंतरी बुडालेली
देसूरच्या गाडीची शिट्टी.
पंखांवर दव इतकं, की वडगावच्या बाळेशनं
मागावरच्या चिंध्यांनी ते पुसलं,
लेकराचं नाक पुसावं तसं, पुटपुटत.
गेल्या साली फाटलेली कड त्यानंच शिवली;
टाका साडीच्या काठाचा आहे, जवळून कळतो.

नळी हाताला डसत होती.
उद्यमबागेत मी रोज आठ तास लेथवर असतो,
पण लोखंड कातताना तापतं तरी.
हे अ‍ॅल्युमिनियम काही केल्या माणसाळत नाही.

मग थांबणं.
आमच्यात उडणं थोडं, थांबणं फार,
घरच्यांना हे समजावता येत नाही.
नऊ. दहा. बांबूला बांधलेली इरकलीची पट्टी
मेल्यासारखी लोंबत होती.
मल्लेशनं फ्लास्कमधला कषाय ओतला.
"वारा येत नसतो, तो ढकलला जातो,"
गिरिजाक्का म्हणाल्या; खानापूरला त्या फिजिक्स शिकवतात.
कुणी बोललं नाही, सगळ्यांच्या तोंडात भाकरी होती.

पावणेअकराला पट्टीचं एक टोक हललं.
"मूडण गाळी," मल्लेश पुटपुटला,
मोठ्यानं म्हटलं तर पूर्वेचा वारा
लाजून धारवाडला परत जाईल, इतक्या हळू.

सांतान पुढची तार धरून उभा राहिला.
तो आता उडत नाही.
अकरा वर्षांपूर्वी, ह्याच कड्यावर,
त्याचा हूक पंखाला लागलाय का
हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.
आम्ही चौघे होतो तेव्हा. मीही होतो.
थंडीत त्याचं मनगट अजून बोलतं
आणि तो प्रत्येकाला तीनदा विचारतो:
अडकवलंस?
अडकवलं.
लोंबून दाखव.
मी लोंबून दाखवलं.
अडकवलंस?

धावलो. पाचव्या पावलाला जमीन
आपणहून मागं राहिली.
वर आणखी गार. डोळ्यांतून पाणी,
कानात तारांचा बारीक सूर,
खाली मसूर, वाटाणा, भाताची कापलेली खोडं,
गिरिजाक्कांचा पिवळा पंख माझ्याही वर.
जिच्यापायी पाट्या रंगतात, पुसल्या जातात,
ती रेघ वरून दिसत नाही म्हणायची पद्धत आहे.
मी शोधलीच नाही.
मी घार शोधत होतो,
घार जिथं गिरक्या घेते तिथं वर जायची वाट असते.
दिसली ती. पण तिची वाट तिच्यापुरतीच होती.

बारा मिनिटं, फार तर.
मग हवा मऊ झाली आणि मी
एका मसुराच्या तुकड्यात उतरलो, गुडघ्यांवर.

बाई बांधावरून आली. विळा हातात.
आधी मला बघितलं, मग पंखाला, मग मसुराकडं,
आणि राहिली मसुराकडंच बघत.
"दोन ओळी घातल्यास की रे मातीत."
"चुकलं, मावशी. पैसे देतो."
"पैशानं उभी राहतीय होय? हातानं कर."

हातमोजे काढले. बोटं बधिर.
एकेक रोप उभं केलं, बुडाशी माती दाबली,
पुढच्याकडं सरकेपर्यंत मागचं आडवं.
ती बघत राहिली. मग अचानक:
"वरनं आमचं घर दिसलं काय? कौलावर निळा कागद हाय."
मला आठवेना. निळं काहीच आठवेना.
"दिसलं," म्हणालो.
"कसं दिसतंय?"

एवढ्यात सांतान धापा टाकत वावर तुडवत आला,
शिवी खाऊन थांबला, बांधावरून फिरून आला.
माझ्याशेजारी बसला, न विचारता,
आणि त्याच त्या मनगटानं
एक रोप धरून ठेवलं,
मी माती दाबेपर्यंत.
"अजून दाब," म्हणाला. "अजून."