दीड तास शिल्लक

साडेदहाला वहिनीचा फोन, मागे फटाके :
"वन्सं, झालं हो आमचं नवं वर्ष!"
सोहारला अजून दीड तास जुनंच आहे.

खारीक पायाशी. सात महिन्यांची.
जूनमध्ये कोरड्या ओढ्यावरच्या पुलाखाली सापडली
तेव्हा ओंजळीत मावली होती.
आज तिने नव्या दिनदर्शिकेतला
फेब्रुवारी खाल्ला,
मार्चमधली एक एकादशी अर्धी सोडली.

मी हिशेब मांडायला बसले होते.
व्हिसा वाढला, पगार नाही.
आईच्या वर्षश्राद्धाला रजा मिळाली नाही.
खोडून लिहिलं : मागितली नाही.
एवढ्यात हिने पेनाचं टोपण पळवलं.

मग निघालो समुद्राकडे,
एका दोरीची दोन टोकं.
ओहोटी. खेकड्याच्या बिळात नाक खुपसून
ती फुरफुरते, खणते,
वाळू सगळी माझ्या सलवारीवर.
खेकडा केव्हाच पलीकडून पसार झालाय,
मी पाहिला. तिला कसं सांगू?

जाळी आवरणारा खमीस लांबून विचारतो,
मिळालं का काही?
मी हात हलवते.

बारा कधी वाजले कळलं नाही.
खड्डा कोपरभर झाला होता
आणि तळाला पाणी लागलं होतं.
खारं.