तोलाराच्या खोल्या उपसताना

दार पूर्ण ढकलू नको, इलाही.
आतनं काय टेकलंय दाराला, आपल्याला ठाऊक नाही.
आधी हात घाल, मग खांदा,
डोकं सगळ्यात शेवटी.
खणभागातल्या या तीन खोल्या.
नेमगोंडा चौगुले, तोलार, मार्केट यार्ड, निवृत्त.
चौदा वर्षांत कुणी आत गेलं नाही
आणि बाहेर काहीच आलं नाही.

तळातलं ओढायचं नाही.
हात तिथंच जातो, खालचा गठ्ठा सुटा दिसतो.
पण त्याच्यावर छातीएवढे पेपर,
पेपरांवर शिलाई मशीन, मशीनवर पत्र्याच्या पेट्या,
आणि माळ्याची ती तुळई बघ,
भिंत सोडून पेट्यांवर येऊन बसलीय.
घर उभं आहे ते रद्दीच्या खांद्यावर.
वरनं काढ. एकेक.

भिंतीवर चॉकलेटी रेघ दिसते?
तिथवर आलतं पुराचं पाणी.
रेघेखालचा कागद आता कागद नाही,
पारई लागेल.
लोक म्हणतात, पुरानं डोकं फिरलं म्हाताऱ्याचं.
पुराच्या आधी दोन वर्षं
मी गाडा घेऊन याच दारात उभा होतो.
एक वही दिली नाही.

मारी बिस्किटाचा डबा दिसला की थांब.
बायकोला साखर होती.
सात वर्षांच्या सुया आहेत, टोपणं नसलेल्या.
सरबताच्या बाटलीत बॅटरीचं पाणी.
उंदरांनी सगळीकडं मुतलंय,
पाय कितीही उकडला तरी बूट काढू नको.
माझी ही डावी दोन बोटं बघ,
मिरजेत, ट्यूबलाइटच्या काचेनं.
चहा गरम आहे का गार
ते उजव्या हाताला विचारावं लागतं.

गॅसचा वास येतोय?
नाही म्हणतोस. मलाही नाही. तेच वाईट.
तासाभरात नाक मरतं,
आणि हळदीच्या पोत्यांमागं तीन सिलिंडर आहेत,
दोन रिकामे,
असं तो म्हणतो.
बिडी रस्त्याच्या पलीकडं.

मिरजेचीच ती बाई.
लेक म्हणाला, एका दिवसात मोकळं करा.
केलं. फरशी पुसली, उदबत्ती लावली.
बाई उंबऱ्यात आली, म्हणाली,
माझं घर कुठलं?
अकराव्या दिवशी त्याच लेकाचा फोन,
आईची खाट घेऊन जा, काय द्याल?
भाव सांगायला
जीभ उचलेना.
म्हणून रोज एकच कोपरा, इलाही.
खाटेजवळचा ढीग तसाच राहू दे.

तो बघ, बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत,
धोतराचा सोगा मुठीत धरून.
गठ्ठा उंबरा ओलांडला की बोलतो,
'सहा किलो दोनशे.'
मी काट्यावर टाकतो. सहा किलो दोनशे.
'अकरा. सुतळी धरून.'
अकरा. सुतळी धरून.
मघाशी एक गाठोडं आलं,
लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं, नारळाएवढं.
काही बोलला नाही.
मीही काट्यावर टाकलं नाही.
आत नेऊन खाटेखाली सारलं.
काय होतं ते विचारू नको,
मी सोडलं नाही.

संध्याकाळी टेम्पो वजनकाट्यावर.
मी येणार म्हणाला, आला,
ड्रायव्हरशेजारी, काच खाली करून.
रिकाम्या गाडीचं काढून
पावती निघाली: नऊशे अठ्ठेचाळीस.
मी खूश. इतका माल एका कोपऱ्यात!
म्हाताऱ्यानं पावती उन्हाकडं धरली,
दिवसभराचं तोंडी जमवलेलं
ओठांत पुन्हा मोजलं, मान हलवली.
'नऊशे पाहिजे.'
काटेवाला म्हणाला, आजोबा, मशीन आहे.
'मागं पोत्यांवर पोरगं झोपलंय.
अठ्ठेचाळीस भरेल.
आधी माणूस उतरवा.'