एक इकडे-तिकडे

गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी
रामकुंडावर किती चढेल
याचं समीकरण माझ्याकडे आहे.
उत्तर नाही.

समीकरण सरळ नाही.
पाणी दुप्पट सोडलं म्हणून उंची दुप्पट होत नाही.
उंची वाढली की वेग वाढतो,
वेग वाढला की उंचीचंच गणित बदलतं.
असली समीकरणं कागदावर सुटत नाहीत,
त्यांच्यातून चालत जावं लागतं.

त्र्यंबक रोडवरच्या ऑफिसात, रात्री सव्वा अकराला,
मी चालतेय:
आत्ता पाणी इथं. आत्ताचा उतार एवढा.
त्या उतारानं दहा मिनिटं नाकासमोर जायचं,
थांबायचं, पुन्हा उतार बघायचा.
नाकासमोर, हेच खोटं.
दहा मिनिटांत नदी वळलेली असते.

म्हणून आधी अर्ध्या वाटेपर्यंतच जायचं,
तिथला उतार विचारायचा,
मागं येऊन त्या उतारानं पूर्ण पाऊल टाकायचं.
मग पाऊल निम्मं केलं की चूक पाव होते.
पाच मिनिटं. अडीच. सव्वा.
पगारे चहा ठेवून म्हणतात,
मॅडम, एवढं बारीक चाललात
तर पूर आधी पोचेल.

फोन वाजतो. इंदूबाई गांगुर्डे,
घाटावर तांब्याचे गडवे विकतात.
माझा नंबर त्यांना कुणी दिला, माहीत नाही.
"ताई, किती पायऱ्या?"
मीटर त्यांना नको आहेत.
गावानं पूर दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजला:
गुडघा, कंबर, छाती.
इतकी लांब पावलं, आणि तरी
कुणाचं फारसं चुकलेलं ऐकलं नाही.

"पहाटे चारपर्यंत अकरा," मी म्हणते.
"एक इकडे-तिकडे."
पलीकडे थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज.
"एक इकडे-तिकडे म्हणजे
माझं समयांचं पोतं, ताई."

चारला जीप काढून गेले.
टॉर्चच्या उजेडात पायऱ्या मोजल्या, दोनदा.
पाणी अकराव्या पायरीवर नव्हतं,
बाराव्यावरही नव्हतं,
दोन्हींच्या मधे
वरखाली होत होतं, आकडा द्यायला तयार नसल्यासारखं.

पोतं तेराव्या पायरीवर,
त्याला टेकून इंदूबाई, डोक्यावरून घोंगडी.
"अकरा तुमच्या," त्या म्हणाल्या,
"एक तुमच्या इकडे-तिकडेची.
आणि एक माझी."

परत येऊन वहीत पाऊल लिहिलं, वेळ लिहिली,
चुकीच्या रकान्यात अर्धी पायरी.
तेराव्या पायरीसाठी
रकाना नव्हता.