बंद पडण्याची वही

पहिली नोंद काळाघोड्याची.
छाणीला जाऊन परत येताना,
सकाळी दहा चाळीस, ऊन बऱ्यापैकी, टाकी अर्धी.
आधी एक उचकी, मग दुसरी,
मग स्टिअरिंग हातात नुसतंच.
मागे रिक्षांचे भोंगे. पुलाच्या कठड्यावर वाकून
लोक विश्वामित्रीतली मगर बघत होते,
त्यातले दोघे वळून मला बघू लागले.
वीस मिनिटांनी किल्ली फिरवली
आणि फियाट सुरू, जणू काही झालंच नाही.

मी अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळेत नळ्या मोजल्यात.
नुसता 'मधूनमधून' हा शब्द मला चालत नाही.
पट्टीने रकाने आखले:
तारीख, जागा, कितव्या किलोमीटरवर, हवा, टाकी, शेरा.

धनसुखभाई पांचाळ वही बघून हसले नाहीत,
एवढ्यासाठीच मी प्रतापनगरला त्यांच्याकडे जात राहिले.
त्यांनी कॉइल बदलली, ती तापते म्हणून.
कंडेन्सर बदलला, तो स्वस्त म्हणून.
पॉइंट घासले. कार्ब्युरेटर उघडून
जेट तोंडाने फुंकला आणि उजेडाकडे धरला,
सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटून.
पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळून दिलं,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं.
मग लिटरभर पेट्रोल ओतायचे, मकरपुऱ्यापर्यंत जाऊन यायचे.
"चाले छे ने, बेन!"
चालायचीच. त्यांच्या हाताखाली ती कधीच बंद पडली नाही.

लालबागच्या पुलावर.
अकोट्याला, लग्नाला जाताना, जरीच्या साडीत.
फतेगंजला दोनदा.
दिवाळीनंतरच्या गारव्यातही, म्हणजे उन्हाचा दोष नाही.
मावसभाऊ म्हणाला, भंगारात दे, पंधरा हजार तरी येतील.
त्याचीही नोंद केली. हवा: कोरडी.

एका रात्री वही उलटी वाचली, शेवटापासून,
आणि टाकीच्या रकान्यात बोट अडकलं.
काठोकाठ भरलेली: नवव्या किलोमीटरवर.
अर्धी: सोळाव्या, सतराव्या.
तळाला गेलेली: बंदच नाही, थेट घरापर्यंत.
पोट भरलं की जीव जातो,
असा कुठला आजार?

सकाळी धनसुखभाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं,
बोटाचं ग्रीस वहीला लागलं.
"टाकी फुल करा. मग तुम्हीच चालवा, बंद पडेपर्यंत.
आज मी पेट्रोल ओतणार नाही."
वाघोडियाच्या रस्त्यावर ती पडली.
ते उतरले, बॉनेटकडे गेलेच नाहीत.
मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं
आणि हुस्स.
आत शिरणारी हवा आम्ही दोघांनी ऐकली.
"गळा धरला होता हिचा," ते म्हणाले, चक्क मराठीत.
झाकणातलं भोक, मोहरीएवढंही नाही, गंजाने बुजलेलं.
पेट्रोल निघून जायचं,
त्याच्या जागी यायला काही नाही.

एक गोष्ट वहीत नाही.
दादा ते झाकण अर्धा आटा सैल ठेवायचा.
तीस वर्षं मी त्यावरून बोलले. गाडीत वास, साडीला वास,
डब्यातल्या खाकऱ्यालाही वास.
"राहू दे गं," एवढंच.
रेल्वेच्या वर्कशॉपातला माणूस,
कारणं सांगायची सवय नव्हती.
की कारण त्यालाही ठाऊक नव्हतं,
नुसताच आळस?
तो गेला त्या चैत्रात मी झाकण
दोन्ही हातांनी घट्ट लावलं. नीट. पहिल्यांदाच.

धनसुखभाईंनी सायकलच्या तारेने भोक मोकळं केलं.
फणसेसाहेबांच्या गाडीचे पैसे नकोत म्हणाले,
मग घेतले. तीस रुपये.

शेवटची नोंद. टाकी काठोकाठ.
छाणी, परत, काळाघोडा, घर. बंद नाही.
मगर बघणारे होते तिथेच.
शेरा: वास येत नाही.